नवा पॉइंट गार्ड आणि जुने दिग्गज : तुलना कशी करावी

बास्केटबॉलमध्ये संघाचा हल्ला रचणारा खेळाडू म्हणजे पॉइंट गार्ड. असा एखादा बावीस-तेवीस वर्षांचा खेळाडू अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये सलग दोन हंगाम चमकला की त्याचे नाव मॅजिक जॉन्सन, आयझया थॉमस, जॉन स्टॉक्टन यांच्या पंक्तीत घेतले जाऊ लागते. अशी तुलना करण्यात गैर काही नाही. त्या निमित्ताने जुन्या खेळाडूंचा खेळही पुन्हा नीट पाहिला जातो. मात्र बहुतेक तुलनांत एका बाजूला तरुणाचा एखादा उत्तम हंगाम असतो आणि दुसऱ्या बाजूला दिग्गजाची पंधरा-सोळा वर्षांची कारकीर्द, विजेतेपदांसह. त्यातून तरुणावर अन्याय तरी होतो किंवा त्याचे अवाजवी कौतुक तरी होते. येथे मांडलेल्या पद्धतीचा गाभा असा की तरुणाच्या आजच्या खेळाची तुलना दिग्गजाच्या त्याच वयातल्या खेळाशी करावी, आणि ती करताना पॉइंट गार्डचे मुख्य काम, म्हणजे स्वतःला व बाकीच्या चौघांना चांगला शॉट मिळवून देणे, सतत डोळ्यांसमोर ठेवावे.

उदाहरण म्हणून २००८ च्या उन्हाळ्यातला क्रिस पॉल घेऊ. त्याची पुढची वाटचाल आता आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे त्या वेळी काढलेला निष्कर्ष कितपत टिकला हे तपासता येते. चालू हंगामातल्या खेळाडूबद्दल ही सोय नसते, म्हणून पद्धत शिकायला जुने उदाहरण बरे.

पहिली गोष्ट, प्रश्न नेमका ठरवावा. ‘हा मॅजिकइतका मोठा आहे का?’ या एका वाक्यात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. आजचा हा खेळाडू त्याच वयाच्या मॅजिकइतका चांगला आहे का, हा पहिला. आजचा हा खेळाडू भरातल्या मॅजिकइतका चांगला आहे का, हा दुसरा. आणि याची कारकीर्द अखेरीस मॅजिकएवढी होईल का, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुराव्याने देता येते, दुसऱ्याचे बऱ्याच अंशी देता येते, तिसरा मात्र केवळ अंदाज आहे. चर्चा भरकटते ती एकाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि दुसऱ्याने ते तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने खोडले की. म्हणून कागदावर सर्वात वर आपला प्रश्न लिहावा. आपण पहिला घेऊ.

२००७-०८ च्या हंगामात न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्सकडून पॉलने ८० सामन्यांत सरासरी २१.१ गुण, ११.६ असिस्ट (सोबत्याच्या गुणांकडे थेट नेणारे पास) आणि २.७ स्टील्स (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू) नोंदवले. असिस्ट आणि स्टील्स दोन्हींत तो लीगमध्ये पहिला होता, संघाने ५६ सामने जिंकले, आणि एमव्हीपीच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वात मोलाच्या खेळाडूच्या, मतदानात कोबी ब्रायंटच्या मागे तो दुसरा आला. मे १९८५ मध्ये जन्मलेला पॉल त्या हंगामभर बावीस वर्षांचा होता. आता त्याच वयाचे इतर पाहू. १९८१-८२ मध्ये बावीस वर्षांच्या मॅजिकची सरासरी १८.६ गुण, ९.६ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू), ९.५ असिस्ट अशी होती आणि लेकर्सना विजेतेपद मिळवून देताना तो फायनल्सचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, एमव्हीपी ठरला होता. आयझया थॉमसने १९८३-८४ मध्ये डेट्रॉइटकडून २१.३ गुण आणि ११.१ असिस्ट दिले. जेसन किडने १९९५-९६ मध्ये डॅलसकडून १६.६ गुण आणि ९.७ असिस्ट दिले. स्टॉक्टन मात्र १९८४-८५ मध्ये यूटाच्या बाकावरून येऊन ५.६ गुण आणि ५.१ असिस्टवर थांबला होता, तर १९९६-९७ मध्ये फिनिक्सच्या स्टीव्ह नॅशला ३.३ गुण आणि २.१ असिस्टपलीकडे जाता आले नव्हते.

शेवटच्या दोन आकड्यांपाशी थांबणे भाग आहे. बावीस वर्षांचा पॉल त्या वयाच्या स्टॉक्टन आणि नॅशच्या कितीतरी पुढे होता हे खरे, परंतु त्यावरून तो त्यांच्यापेक्षा मोठा ठरला असे म्हणता येत नाही. स्टॉक्टन आणि नॅश दोघेही महाविद्यालयात चार वर्षे खेळून आले. पॉल वेक फॉरेस्टमध्ये दोन वर्षे खेळून २००५ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) चौथ्या क्रमांकावर निवडला गेला. म्हणजे बावीसाव्या वर्षी पॉलचा हा एनबीएतला तिसरा हंगाम होता, तर त्या दोघांचा पहिलाच. शिवाय स्टॉक्टनच्या पुढे रिकी ग्रीन हा स्थिरावलेला गार्ड होता. १९८७-८८ मध्ये सुरुवातीची जागा मिळताच स्टॉक्टनने सामन्यामागे १३.८ असिस्ट दिले आणि त्या हंगामापासून सलग नऊ हंगाम तो असिस्टमध्ये लीगचा अव्वल राहिला. नॅशला पहिला एमव्हीपी किताब मिळाला तो २००५ मध्ये, एकतिसाव्या वर्षी. तेव्हा वयाच्या जोडीने लीगमधला कितवा हंगाम आणि मैदानावर मिळालेली मिनिटे हे दोन रकानेही ठेवावेत. लवकर फुललेला खेळाडू आणि उशिरा फुललेला खेळाडू यांची वाट निराळी असते, एवढीच नोंद या टप्प्यावर करावी.

यानंतर काळाचा फरक काढून टाकावा लागतो, आणि येथेच बहुतेक तुलना कोसळतात. सामन्यात प्रत्येक संघाच्या हाती चेंडू किती वेळा येतो, म्हणजेच पझेशन्स किती होतात, यावर गुण, असिस्ट, रिबाउंड सगळेच अवलंबून असते. १९८३-८४ मध्ये संघ सामन्यामागे सरासरी ११० च्या आसपास गुण करीत. २००७-०८ मध्ये ही सरासरी १०० च्या आसपास होती. थॉमसचा डेट्रॉइट संघ तर त्या काळातही वेगाने खेळणारा होता. १३ डिसेंबर १९८३ रोजी डेन्व्हरविरुद्ध तिसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत गेलेला आणि १८६-१८४ असा संपलेला, एनबीएच्या इतिहासातला सर्वाधिक गुणांचा सामना त्याच हंगामातला. त्यात थॉमसने ४७ गुण केले. ढोबळ मानाने थॉमसचे आकडे १.१ ने भागले तर २१.३ गुणांचे १९.४ होतात आणि ११.१ असिस्टचे १०.१. आता पॉलच्या २१.१ आणि ११.६ शी त्यांची तुलना करावी. मूळ आकड्यांत गुणांच्या बाबतीत थॉमस किंचित पुढे होता, आता तो दोन्हींत मागे आहे. ज्यांना शंभर पझेशन्समागचे आकडे उपलब्ध असतील त्यांनी तेच वापरावेत, पण ते नसतील तेव्हा लीगच्या सरासरी गुणांचे हे गुणोत्तर कामचलाऊ म्हणून चालते.

ते सर्वत्र मात्र चालत नाही. ऑस्कर रॉबर्टसनने १९६१-६२ मध्ये ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट अशी संपूर्ण हंगामाची ट्रिपल डबल, म्हणजे तिन्हींत दोन आकडी, सरासरी राखली. त्या काळी एक संघ सामन्यामागे शंभराहून अधिक शॉट्स मारीत असे. २००७-०८ मध्ये तो ऐंशीच्या आसपास मारीत होता. जुन्या काळी शॉट्स जास्त चुकत, म्हणून केवळ गुणांची सरासरी पाहिली तर वेगातला फरक लहान दिसतो. चुकलेल्या शॉट्समुळे रिबाउंडही भरपूर मिळत. रॉबर्टसनचा मोठेपणा त्याने कमी होत नाही, कारण त्याच लीगमध्ये, त्याच वेगात खेळणाऱ्या दुसऱ्या कोणालाही ते जमले नव्हते. जुन्या खेळाडूसाठी हाच निकष सर्वात न्याय्य आहे असे मला ठामपणे वाटते: तो आपल्या समकालीनांच्या किती पुढे होता? बॉब कूझीची शॉट मारण्यातली टक्केवारी आजच्या मानाने अगदीच कमी दिसते. पण तो सलग आठ हंगाम असिस्टमध्ये लीगमध्ये पहिला होता हे पाहिले की त्याची जागा कळते.

नियमांकडे आणि नोंदींकडेही लक्ष हवे. एनबीएमध्ये तीन गुणांची रेषा १९७९-८० पासून आली, म्हणजे मॅजिकच्या पहिल्याच हंगामात, आणि नंतरही कित्येक वर्षे तिचा वापर तुरळकच होता. म्हणून स्टेफन करीने २०१५-१६ मध्ये मारलेल्या ४०२ तीन गुणी शॉट्सचे माप थॉमसला लावणे निरर्थक आहे. स्टील्सची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून आणि खेळाडूंच्या टर्नओव्हर्सची, म्हणजे गमावलेल्या चेंडूंची, १९७७-७८ पासून सुरू झाली, त्यामुळे कूझीच्या बाबतीत हे रकाने रिकामेच ठेवावे लागतात. २००४-०५ पासून बचाव करणाऱ्याने हाताने अडवण्यावरचे नियम कडक लावले गेले, आणि चपळ, कमी उंचीच्या गार्डला बास्केटकडे मुसंडी मारणे सोपे झाले. पॉलचा संपूर्ण एनबीए काळ या बदलानंतरचा आहे. सहा फुटांच्या पॉलला त्याचा फायदा झाला हे मान्य करून मगच पुढे जावे, कारण थॉमस साधारण तेवढ्याच उंचीचा असून जुन्या धक्काबुक्कीत खेळला होता.

असिस्टचा आकडा पॉइंट गार्डची ओळख समजला जातो, परंतु तो एकटा फसवा आहे. कोणता पास असिस्ट धरायचा हे नोंद करणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते, म्हणून घरच्या मैदानावरचे आणि बाहेरचे असिस्ट वेगळे काढून पाहावेत. फरक फार मोठा असेल तर बाहेरचा आकडा अधिक विश्वासार्ह मानावा. त्याच्या जोडीला टर्नओव्हर्स घ्यावेत. पॉलने त्या हंगामात सामन्यामागे अवघे २.५ टर्नओव्हर्स केले, म्हणजे एका टर्नओव्हरमागे साडेचारहून अधिक असिस्ट. त्याच वयाचे मॅजिक आणि थॉमस दोघेही सामन्यामागे साडेतीनहून अधिक वेळा चेंडू गमावत होते; त्यांचे हे प्रमाण तीनच्या आसपास किंवा त्याखाली येते. या गुणोत्तराचे मोल असे की खेळाचा वेग बदलला तरी ते फारसे बिघडत नाही. मात्र त्यालाही दुसरी बाजू आहे. जो गार्ड अवघड पास टाकायलाच धजत नाही त्याचे टर्नओव्हर्स कमीच असणार. मॅजिक वेगवान हल्ल्यात गर्दीतून पास टाकीत असे. त्यातले काही वाया जात, पण जे पोहोचत त्यांतून सहज गुण मिळत. शिवाय १९८१-८२ च्या लेकर्समध्ये नॉर्म निक्सन हा दुसरा गार्डही चेंडू हाताळत होता, तर हॉर्नेट्समध्ये जवळजवळ सगळा भार पॉलवर होता.

गुण किती केले याबरोबर किती संधी वापरून केले हे पाहावे. मारलेल्या (साधलेल्या व चुकलेल्या) शॉट्समध्ये फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉट्सची) ०.४४ पट मिळवावी, त्या बेरजेच्या दुपटीने गुणांना भागावे; येणारी टक्केवारी तीन गुणी शॉट आणि फ्री थ्रो या दोन्हींना न्याय देते. पॉलची ही टक्केवारी त्या हंगामात ५८ च्या जवळपास, लीगची ५४ च्या आसपास होती. येथेही फरक पाहावा तो त्या त्या काळातल्या सरासरीशी.

आता संघाचा प्रश्न. पॉइंट गार्डचे यश दुसऱ्यांच्या हातून नोंदवले जाते, म्हणून त्याचे सोबती कोण हे न पाहता निकाल देता येत नाही. नॅश आला आणि फिनिक्सचे विजय एका हंगामात २९ वरून ६२ वर गेले. किड आला आणि न्यू जर्सीचे विजय २६ वरून ५२ झाले. हे आकडे प्रभावी आहेत, तरी त्या वर्षी आणखी कोण आले, कोण दुखापतीतून परतले याची चौकशी करावीच. हॉर्नेट्स २००४-०५ मध्ये १८ सामने जिंकले होते, पॉलच्या पहिल्या वर्षी ३८, दुसऱ्या वर्षी ३९ आणि तिसऱ्या वर्षी ५६. पॉलची पहिली दोन वर्षे कटरिना वादळामुळे संघ आपले घरचे बहुतांश सामने ओक्लाहोमा सिटीत खेळला. तिसऱ्या वर्षी पेया स्टोयाकोविच हा नेमबाज दुखापतीतून परतला होता, डेव्हिड वेस्टची ऑल-स्टार सामन्यासाठी निवड झाली होती आणि टायसन चँडलर बास्केटजवळून ६२ टक्के शॉट्स साधत होता. चँडलरच्या या टक्केवारीत पॉलचा वाटा किती? उत्तर शोधायचे तर चँडलरचे पॉलपूर्वीचे शिकागोतले हंगाम पाहावेत, आणि पॉल बाकावर असताना संघाचा हल्ला कसा चालतो हेही पाहावे. याच कारणासाठी प्रशिक्षकाचीही नोंद घ्यावी: बायरन स्कॉट स्वतः मॅजिकच्या शेजारी खेळला होता आणि किडला घेऊन २००२ व २००३ मध्ये फायनल्सपर्यंत गेला होता. पॉलच्या हाती एवढ्या विश्वासाने चेंडू सोपवला गेला त्यामागे ही पार्श्वभूमी होती असे मानायला जागा आहे.

इतके झाले की आकडे बाजूला ठेवून सामने पाहावेत, आणि पूर्ण पाहावेत. भारतात एनबीएचे सामने पहाटे-सकाळी येतात, त्यामुळे आपल्यापैकी बरेच जण दिवसभरात निवडक क्षणांच्या चित्रफितींवर भागवतात. पॉइंट गार्डला जोखायला ते सर्वात वाईट साधन आहे. चित्रफितीत पास दिसतो, पास देण्याआधीचे चार सेकंद दिसत नाहीत. जुना आणि नवा असे दोघांचे सारख्या तोडीच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे तीन-चार पूर्ण सामने निवडावेत आणि नजर चेंडूवर न ठेवता गार्डच्या डोळ्यांवर व पायांवर ठेवावी. पिक अँड रोलमध्ये, म्हणजे सोबत्याने बचावपटूची वाट अडवून मग बास्केटकडे धावण्याच्या चालीत, दोन बचावपटू एकदम अंगावर आले की तो काय करतो? घाईने चेंडू सोडतो, मागे सरकून जागा करतो, की दोघांच्या मधून पास काढतो? पॉलची खासियत अशी की तो आपल्या बचावपटूला पाठीवर घेऊन वेग कमी करीत असे, आणि उंच बचावपटू पुढे यावे की मागे राहावे या पेचात सापडला की चँडलरसाठी चेंडू बास्केटशेजारी उंच टाकीत असे, नाहीतर फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यावरून स्वतः शॉट मारीत असे. मॅजिकची गोष्ट वेगळी होती. सहा फूट नऊ इंचांची उंची असल्याने त्याला बचावाच्या डोक्यावरून पाहता येई आणि रिबाउंड घेऊन स्वतःच हल्ला सुरू करता येई. पॉलला ते कधीच शक्य नव्हते. तेव्हा ज्या दिग्गजाशी शरीरयष्टी आणि खेळाची घडण जुळते त्याची निवड तुलनेसाठी आधी करावी. पॉलसाठी तो थॉमस आणि स्टॉक्टन होता, मॅजिक नव्हे.

सामना पाहताना आणखी दोन गोष्टी टिपाव्यात. सोबत्याला पास कोठे मिळतो: थेट शॉट मारता येईल असा छातीच्या उंचीवर, की वाकून, वळून घ्यावा लागेल असा? आणि शॉट क्लॉकचे (शॉट मारण्यासाठी ठरलेल्या मुदतीचे) पाच-सहा सेकंद उरलेले असताना, आखलेली चाल फसलेली असताना, चेंडू कोणाकडे येतो? बचावात नुसते स्टील्स मोजू नयेत, कारण स्टीलसाठी झेपावून चुकलेला गार्ड मागे चार विरुद्ध पाच अशी स्थिती सोडून जातो. गॅरी पेटनने १९९६ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा किताब मिळवला तो स्टील्सबरोबरच समोरच्या गार्डला आपल्या जागेवर पोहोचूच न दिल्यामुळे.

प्ले-ऑफची, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांची, कसोटी वेगळी धरावी, कारण तेथे एकच प्रतिस्पर्धी सात सामन्यांपर्यंत एकाच गार्डचा अभ्यास करतो. २००८ मध्ये पॉलने आपल्या पहिल्याच प्ले-ऑफ सामन्यात डॅलसविरुद्ध ३५ गुण आणि १० असिस्ट दिले. समोर किड होता. पुढच्या फेरीत सॅन अँटोनियोने सातव्या सामन्यात न्यू ऑर्लिन्समध्येच ९१-८२ असे हरवले. बारा सामन्यांतली पॉलची सरासरी २४.१ गुण आणि ११.३ असिस्ट, म्हणजे दडपणाखाली त्याचा खेळ उतरला नाही. विजेतेपदांची संख्या मात्र या वयात मोजू नये. सॅन अँटोनियोच्या टोनी पार्करकडे तेव्हा तीन विजेतेपदे आणि फायनल्सचा एमव्हीपी किताब होता. तरीही त्या हंगामातला सरस पॉइंट गार्ड पॉलच होता, हे माझे मत आजही बदललेले नाही. मॅजिकने १९८० मध्ये, वीस वर्षांचा असताना, फायनल्सच्या सहाव्या सामन्यात ४२ गुण, १५ रिबाउंड आणि ७ असिस्ट दिले हा वैयक्तिक पराक्रम तुलनेत जरूर धरावा. करीम अब्दुल-जब्बारसारखा सोबती त्याला हंगामभर लाभला हेही त्याच ओळीत लिहावे.

शरीराचा विचार भाकितापुरता राखून ठेवावा. डेरिक रोझ २०११ मध्ये बावीसाव्या वर्षी लीगचा सर्वात तरुण एमव्हीपी झाला, आणि एप्रिल २०१२ मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध फाटल्यावर त्याची कारकीर्द बदलून गेली. स्टॉक्टन एकोणीस हंगामांत फक्त २२ सामन्यांना मुकला. दोन्ही गोष्टी बावीसाव्या वर्षी कोणालाही सांगता आल्या नसत्या.

शेवटी निष्कर्ष लिहावा, तारीख घालून आणि अटींसह. २००८ च्या उन्हाळ्यासाठी मी असे लिहीन: वेगाचा फरक काढल्यावर पॉलचा बावीसाव्या वर्षीचा हंगाम त्या वयाच्या थॉमसपेक्षा सरस आहे, चेंडू सांभाळण्यात तो मॅजिकच्याही पुढे आहे, रिबाउंड, उंचीचा लाभ आणि मोठ्या सामन्यांतले यश यांत मॅजिक पुढे आहे, स्टॉक्टनशी तुलना करायची तर आणखी तीन-चार वर्षे थांबावे. यातले काय टिकले? २०१० मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे पॉल त्या हंगामात ४५ च सामने खेळला, तरी पुढे असिस्ट आणि स्टील्स दोन्हींच्या सर्वकालीन यादीत तो स्टॉक्टनखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. विजेतेपद मात्र त्याला लाभले नाही. फायनल्समध्ये तो प्रथम पोहोचला तो २०२१ मध्ये, छत्तीसाव्या वर्षी, आणि मिलवॉकीने फिनिक्सला ४-२ ने हरवले. खेळाबद्दलचा निष्कर्ष टिकला. कारकिर्दीच्या प्रश्नाचे उत्तर वेगळ्याच वाटेने आले.

हीच पद्धत आता टायरीस हॅलिबर्टनला लावून पाहावी. २०२३-२४ मध्ये, बहुतांश हंगाम तेवीस वर्षांचा असताना, त्याने इंडियानासाठी सरासरी २०.१ गुण आणि १०.९ असिस्ट दिले. पॉलने त्याच वयात, २००८-०९ मध्ये, २२.८ गुण आणि ११ असिस्ट दिले होते. लीगची गुणांची सरासरी या काळात १०० वरून ११४ वर गेली, म्हणून हॅलिबर्टनचे आकडे १.१४ ने भागावेत: सुमारे १७.६ गुण आणि ९.६ असिस्ट. दुसरीकडे त्याचे टर्नओव्हर्स सामन्यामागे २.३ होते, पॉलचे त्या वर्षी ३, आणि इंडियाना लीगमधल्या सर्वात वेगवान संघांपैकी एक असताना ही काटकसर त्याने साधली होती. २०२५ च्या फायनल्सच्या पहिल्या सामन्यात ०.३ सेकंद उरले असताना त्याने विजयी शॉट मारला, आणि त्याच मालिकेच्या सातव्या सामन्यात त्याच्या टाचेचा स्नायुबंध (अकिलीस टेंडन) तुटला. तेवीसाव्या वर्षापुरता निकाल पॉलच्या बाजूने लिहावा, चेंडू सांभाळण्याच्या रकान्यात हॅलिबर्टनचे नाव घालावे, आणि पुढच्या वर्षांचे रकाने तो परतून पूर्ण हंगाम खेळेपर्यंत कोरे ठेवावेत.